ढोराचं हापीस बायपासला गेलं तेव्हा

वालूरच्या थांब्यावर एसटी आली तेव्हा माय रडली नाही. तिनं पोत्यात बांधलेलं माझं अंथरूण कंडक्टरच्या अंगावर जवळजवळ फेकलं आणि वर त्यालाच दम दिला, "पोरगी नोकरीला चाललीय, नीट ने." कंडक्टर हसला. आबा हसले नाहीत. ते माझ्यासोबत सेलूपर्यंत आले, स्टेशनात पॅसेंजरमध्ये मला जागा धरून दिली, खिडकीतून हात आत घालून माझ्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाले, "जा. जागा मी बघून आलोय."

खरंच बघून आले होते. ऑर्डर माझ्या नावाची, आणि आदल्या आठवड्यात परभणीला जाऊन अख्खा दिवस ऑफिससमोर बसले ते आबा!

वालूरला राहिलेल्यांना हे सांगायला नको. पण आपल्या गावाच्या ग्रुपवर पुण्याची, हैदराबादची, आणि आता दुबईचीही मंडळी आहेत, त्यांच्या लेकरांसाठी सांगते. आमची मेंढरं होती. दिवाळी झाली की आबा वाडा घेऊन निघायचे. आमचा वाडा म्हणजे दगडामातीचा नव्हे. मेंढरं, एक घोडं, कुत्री आणि बिऱ्हाड, सगळं मिळून वाडा. पाऊस पडेपर्यंत तो या शिवारातून त्या शिवारात चालत राहायचा, शेतकऱ्यांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायचा. पण कुठल्याही नवीन जागी वाडा एकदम न्यायचा नाही. आधी एक माणूस पुढं जायचा. दिवसभर तिथं बसायचा, तिथलं पाणी प्यायचा, येणारं-जाणारं माणूस बघायचा आणि परत येऊन बायांना सांगायचा. कारण पाणी बायांना भरायचं, चूल बायांना मांडायची. बाया खोदून खोदून विचारायच्या. त्या 'बरं' म्हणाल्या तरच घोड्यावर सामान चढायचं. याला आमच्या घरात 'पाणी पिऊन येणं' म्हणत.

तर आबा परभणीचं पाणी पिऊन आले. ऑफिसच्या ओट्यावर लिंबाखाली बसले, रांजणातलं पाणी प्यायले. शिपायानं दोनदा हटकलं, काय काम आहे म्हणून. आबा म्हणाले, "काई न्हाई, बघायलोय." रात्री घरी येऊन त्यांनी मायला सांगितलं, "पाणी गोड हाय. सायेब लोक वरडत्यात, पण माघारी बोलवून काम करून देत्यात. दोन बाया हायेत कामाला." मायनं विचारलं, "त्या बाया कशा हायेत?" आबा म्हणाले, "एकमेकीच्या डब्यातलं खात्यात." माय म्हणाली, "मग जाऊ द्या."

एवढ्यावर माझं गाव सुटलं. याला वीस-बावीस वर्षं झाली, पण मला अजून वाटतं की माझ्याइतकी नीट चौकशी करून कुणाला कुणी घराबाहेर धाडलं नसेल.

माझं ऑफिस म्हणजे गुराढोरांचं, शेळ्यामेंढ्यांचं बघणारं एक सरकारी मंडळ. नाव लांबलचक आहे, आणि मी ते सांगणार नाही. आख्ख्या जिल्ह्यात त्याला 'ढोराचं हापीस' म्हणतात. मुख्यालय परभणीत, भर बाजारात. स्टँडवरून चालत यावं, स्टेशनवरून चालत यावं. मी आले तेव्हा दोन गल्ल्या पलीकडं भाड्याची खोली घेतली. पहिले सहा महिने झोपच लागेना. वालूरला रात्री कुत्री भुंकायची थांबली की मला जाग यायची. इथं रिक्षा थांबतच नव्हत्या. मग झाली सवय. इनवर्ड, आउटवर्ड, सर्व्हिस बुक, रिमार्क असले शब्द तोंडात बसले. पुण्याहून आलेल्या एका साहेबांनी माझ्या 'करायले' आणि 'जायले'ला हसून दाखवलं, तेव्हा मी त्यांना विचारलं, "साहेब, समोरचा मेंढका तुमचं मराठी बोलतो का माझं?" त्यानंतर त्यांनी प्रत्येक मेंढक्याला माझ्या टेबलाकडं पाठवायला सुरुवात केली. त्यांना वाटलं माझी जिरवली. मला तर माहेर टेबलावर येऊन बसल्यासारखं झालं.

बाजाराच्या दिवशी आमचा ओटा बघण्यासारखा असायचा. गंगाखेडकडून, पालमकडून, सेलूकडून बाया-बाप्ये यायचे. शेळी विकायची, मीठ-मिरची घ्यायची, आणि जाता जाता आमच्याकडं. कुणाच्या मेंढीच्या कानातला बिल्ला पडलेला, नवा मारून पाहिजे. कुणाची विमा उतरवलेली शेळी मेलेली, तर तिचा बिल्ल्यासकट कान फडक्यात बांधून आणलेला, कारण बिल्ला दाखवल्याशिवाय विमा नाही. तो कान टेबलावर ठेवताना बाई फडक्याची गाठ लवकर सोडत नाही, ते मी लय वेळा पाहिलं आहे. तिला नुसता अर्ज घेऊन चालत नाही. आधी पाणी द्यावं लागतं, बसवावं लागतं, कशानं मेली ते ऐकावं लागतं. ती बोलून मोकळी झाली की मग अर्ज.

इमारत काही राजवाडा नव्हती, हेही सांगते. पावसात रेकॉर्ड रूम गळायची. बायकांसाठी संडास एकच, आणि त्याची कडी बाहेरून लागायची, आतून नाही! गाड्या लावायला जागा नाही म्हणून रोज भांडणं. त्यामुळं मुख्यालय शहराबाहेर न्यायचं अशी बातमी आली तेव्हा पहिल्यांदा खूश झालेल्यांत मीसुद्धा होते. शिवाय आम्ही नवराबायकोंनी बायपासकडंच घर बांधलेलं. नवीन ऑफिस तिथून चालत दहा मिनिटं. माझ्या जाऊबाईंनी तर फोन करून अभिनंदन केलं, जणू ऑफिस माझ्यासाठीच उचलून आणणार होते.

मग राजकारण सुरू झालं. गंगाखेडच्या पुढाऱ्यांनी पत्रक काढलं, की हलवायचंच तर आमच्याकडं आणा, मेंढरं जास्त आमच्याकडं. सेलूवाल्यांनी दुसरं पत्रक काढलं. बाजारपेठेतल्या दुकानदारांनी कृती समिती काढली, कारण गिऱ्हाईक जाणार. आमच्या युनियनचे दोन तुकडे झाले. ज्यांची घरं बायपासकडं ते 'विकासाच्या बाजूचे', ज्यांची गावात ते 'जनतेच्या बाजूचे'. आणि या सगळ्यांच्या वर एक वजनदार नेते, त्यांना सगळे 'भाऊ' म्हणतात. बायपासपलीकडच्या नव्या लेआउटात ऑफिस यावं हा भाऊंचा आग्रह. तिथं आजूबाजूला कुणाकुणाचे प्लॉट आहेत हे परभणीतलं शेंबडं पोरही सांगेल, मी कशाला सांगू? सहा महिने पेपरात नुसता धुरळा. आणि या सगळ्या धुरळ्यात, फडक्यात कान बांधून येणाऱ्या त्या बाईनं बायपासला जायचं कसं, हे एकाही पत्रकात नव्हतं.

इमारत झाली. लेखा शाखा गेली, आस्थापना गेली, साहेबांची केबिन गेली. राहिली फक्त लोकांची खिडकी, म्हणजे अर्ज घेणं, बिल्ले मारणं, विम्याची कामं. ती हलवायची तर 'नवीन जागा लोकांच्या सोयीची आहे' अशी टिपणी फाईलवर पाहिजे होती. ती लिहिणार कोण? मी. एव्हाना मी कार्यालय अधीक्षक झाले होते, खिडकी माझ्याकडं होती. साहेबांनी मजकूर तयार करूनच पाठवला. सही तेवढी माझी.

आमच्या रेकॉर्डवाल्या शकीलभाईंनी फाईल टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "मॅडम, पंखा बंद करू का? कागद उडंल." आम्ही दोघंही हसलो, कारण तो उडालेलाच बरा होता. सही केली तर लोकांचं येणं-जाणं तुटणार होतं. नाही केली तर माझी बदली, आणि ती कुठं जवळपास होणार नव्हती. मुलगी बारावीला, नवऱ्याचं दुकान इथं. परत एकदा घर सोडायचं, आणि तेही एकटीनं. भीती वाटली, खोटं कशाला बोलू.

त्या रविवारी मी वालूरला गेले. आबा आता थकलेत, मेंढरं माझा भाऊ बघतो. मी सगळं सांगितलं. आबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "तू तितं बसून आलीस का?" मी म्हटलं, "दोनदा गेले की, मीटिंगला." आबा म्हणाले, "मीटिंगला न्हाई. बसून आलीस का?"

बसले नव्हते. मायनं लगेच पदर खोचला. तिच्या एका शेळीच्या कानातला बिल्ला पडलेलाच होता. म्हणाली, "चल, मी येते. बाजाराच्या दिवशी जाऊ, जसे सगळे जात्यात तसे."

मी किरकोळ रजा टाकली. माय, मी आणि शेळी, माझ्या भावाच्या ओळखीच्या टेम्पोतून परभणीच्या बाजारापर्यंत आलो. इथवर नेहमीसारखंच. पुढं बायपास. रिक्षावाल्यानं शेळीकडं पाहून हात हलवला. दुसरा म्हणाला, सीट खराब होते. तिसरा तयार झाला, पण भाडं असं सांगितलं की माय म्हणाली, "एवढ्यात तुझी रिक्षाच घेते की!" शेवटी एका भाजीच्या छोट्या हत्ती टेम्पोवाल्याला दया आली आणि त्यानं आम्हाला बायपासच्या तोंडाशी सोडलं. तिथून चालत. ऊन असं की डांबर पायाला चिकटत होतं. दोन्ही बाजूंना प्लॉटचे दगड, एक झाड नाही. मी रोज स्कूटीवरून तिथूनच जाते, पण झाड नाही हे त्या दिवशी कळलं.

ऑफिसच्या गेटवर नवा वॉचमन. ठेकेदाराचा माणूस, मला ओळखत नव्हता. तो उठून उभा राहिला आणि आदरानंच म्हणाला, "आजी, जनावर बाहेर."

माय म्हणाली, "बाबा, हे ढोराचंच हापीस ना?"

"हो आजी, तेच."

"मग ढोर आत न्यायचं न्हाई तर कुटं?"

तो बिचारा ओशाळला. "मला तशीच ऑर्डर हाय. लॉन नवीन हाय, टाईल्स नवीन हायेत."

हसू नका, खरं सांगते. शेळ्यामेंढ्यांच्या मुख्यालयात शेळीला बंदी! नकाशा काढणाऱ्यानं काढला, मंजूर करणाऱ्यानं केला, रिबीन कापणाऱ्यानं कापली, आणि बिल्ला मारायला मेंढी आत येणार कुठून हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. त्या मीटिंगांना मीही होतेच की! आम्ही सगळे गाडीतून पोर्चमध्ये उतरणारे. शेळी धरून गेटवर उभं राहायची वेळ आमच्यापैकी कुणावर आलीच नव्हती.

शेळी कंपाउंडच्या गजाला बांधली आणि आम्ही तिथंच भिंतीच्या हातभर सावलीत बसलो. मी ओळख सांगितली असती तर गेट उघडलं असतं. नाही सांगितली. मायला तहान लागली. पाण्याचं मशीन आत, काचेच्या दारामागं. वॉचमननं स्वतःच्या बाटलीतलं पाणी मायला दिलं. मायनं अर्धं पिऊन अर्धं शेळीला पाजलं आणि त्याला विचारलं, "तुजं गाव कोणचं रे लेकरा?" तो जिंतूरकडचा निघाला, त्याच्या घरीही शेरडं होती. मग दोघांचं असं जमलं की तोच आम्हाला सांगायला लागला, हापीस हललं असं ऐकून सकाळपासून किती जण इथं आले आणि असेच माघारी गेले ते. एक म्हातारा मेंढी खांद्यावर घेऊन आला होता. एक बाई फडक्यात काहीतरी घेऊन आली होती, उन्हात उभी राहिली आणि गेली.

ती बाई म्हटल्यावर मला रडूच फुटलं. मायनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, "मी न्हाई म्हणते बाई या जागंला." बस. आमच्यात बायांनी 'न्हाई' म्हटलं की वाडा हलत नाही.

दुसऱ्या दिवशी मी टिपणी लिहिली, माझी. नवीन जागा कामकाजासाठी चांगली आहे, प्रशस्त आहे, हे लिहिलं, कारण ते खरं होतं. लोकांच्या सोयीची नाही हेही लिहिलं, कारण तेही खरं होतं. जनावरांसाठी वेगळं गेट, बाहेर पाणी, शेड आणि एसटीचा थांबा होईपर्यंत खिडकी जुन्या जागीच ठेवावी. खाली सही.

साहेब भडकले. "तुम्ही मंडळाच्या नोकर आहात की मेंढक्यांच्या?" मी म्हटलं, "साहेब, मंडळ कुणाचं आहे?" त्यांनी फाईल आपटली. संध्याकाळी घरी भाऊंचा फोन आला. आवाज लय गोड. "ताई, तुमचं तर घरच तिकडं. तुम्हाला कशाची अडचण? आणि बदली-बिदली झाली तर लेकराबाळांचे हाल होतात हो." मी म्हटलं, "भाऊ, मी मेंढराच्या घरची आहे. आमचं बिऱ्हाड आठ महिने घोड्यावर असायचं. बदलीचं मला काय सांगता?" हे बोलताना माझा आवाज ठणठणीत होता. फोन ठेवल्यावर मी तिथंच खाली बसले ते नवऱ्यानं पाहिलं, त्यानं चहा टाकला आणि म्हणाला, "गेलीस तर दर शनिवारी मी येतो. सही बदलू नकोस." आमचा माणूस फार बोलत नाही, पण बोलला तर असं.

माझी टिपणी फाईलमध्ये होती, आणि ती डावलून खिडकी हलवायची तर वरच्या कुणाला तरी स्वतःच्या सहीनं लिहावं लागणार होतं की सोय आहे. ते लिहायला कुणीच पुढं येईना. ज्याला त्याला आपापली पेन्शन प्यारी! तेवढ्यात कुणीतरी गेटबाहेर गजाला बांधलेल्या शेळीचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकला. कुणी टाकला म्हणता? जिंतूरकडच्या शेरडंवाल्याला विचारा. तो फोटो गंगाखेडच्या पुढाऱ्यांनी उचलला, कृती समितीनं उचलला, प्रत्येकानं आपापल्या फायद्यासाठी, आणि पहिल्यांदाच सगळ्यांचा फायदा त्या शेळीच्या बाजूनं पडला.

मुख्यालय बायपासलाच राहिलं. ते काही परत आलं नाही, आणि यावं असंही माझं म्हणणं नव्हतं. जागा हलते, माणसं हलतात, आम्ही तर हलण्यातच वाढलो. पण खिडकी जुन्या इमारतीत ठेवायचा आदेश निघाला. सोबत दुसरा आदेश माझ्या नावाचा: अधीक्षकांनी यापुढं जुन्या जागीच बसावं. म्हणजे केबिन नाही, एसी नाही, हाताखाली फक्त शकीलभाई, आणि दहा मिनिटांवरचं ऑफिस सोडून रोज गावात यायचं. शिक्षाच होती ती. साहेबांना वाटलं मी रजेवर जाईन. मी पेढे वाटले. पहिला पेढा साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन त्यांच्या हातावर ठेवला, त्यांना खावा लागला.

तुम्ही सगळे फोनवर विचारता, ताई, आता तू कुठली झालीस, वालूरची का परभणीची? पुण्याच्या वहिनी म्हणतात, आमचं तर काहीच ठरत नाही, इथं परके आणि गावाला पाहुणे. मलाही हे वाटायचं. वालूरला गेले की भावजय ताट वाढून आणते, म्हणजे मी पाहुणी. बायपासच्या घरात अजून सोसायटीवाले नियम सांगतात. पण आता माझं ठरलंय. ज्या दारात उभं राहून, कुणालाही न विचारता, मी येणाऱ्याला बसा म्हणू शकते, ते माझं घर. बाकी वालूर आबांचं, आणि ते माझ्या हाडात आहे, ते कुठं जातंय?

आदेशानंतरच्या पहिल्या बाजाराच्या दिवशी जुनी इमारत भकास दिसत होती. बाहेरची मोठी पाटी काढून नेली होती, भिंतीवर नुसते खिळ्यांचे खड्डे. टेबलं गेली, कपाटं गेली, बोललं की आवाज घुमायचा. साडेदहाला ओट्याखाली एक बाई येऊन उभी राहिली. पाटी नव्हती तिथं बघत राहिली, मग इकडं-तिकडं बघितलं आणि माघारी वळली. हातात फडकं होतं.

मी खुर्ची ढकलून ओट्यावर धावले. "ओ मावशी!"

ती थांबली. "बाई, ढोराचं हापीस व्हतं हितं. कुटं गेलं?"

"कुटं न्हाई गेलं," मी म्हटलं, "सायेब तेवढे ऱ्हायला गेलेत तिकडं. हापीस हितंच हाय. या, बसा."